हमीताईला फोन आला नाही

हमीताईचा जीव जळत होता, आणि कुणावर जळतोय हे सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर लोक तोंडावर हसले असते. जळत होता तो एका खळीवाल्या बाईवर. पुठ्ठ्याची खोकी चिकटवणाऱ्या, कोपरापर्यंत खळ वाळलेल्या, आवाज फाटक्या पत्र्यासारखा असलेल्या एका मुकादमीणीवर. ना नात्याची ना गोत्याची. पण तिची आठवण झाली की हमीताईच्या घशाशी आंबट यायचं.

हमीताई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. तिच्या नवऱ्याच्या उजव्या हाताची बोटं यंत्रात गेली, तेव्हा ती त्याला घेऊन दारोदार फिरली होती. जो तो आधी हाताकडे बघायचा आणि मग घड्याळाकडे. शेवटी एका गोडाऊनवाल्याने विचारलं, "ठेवतो राखणीला. पण याची हमी कोण घेणार?"

"मी," ती म्हणाली.

"तुम्ही कोण?"

"बायको. याच्यापेक्षा पक्की हमी कुठल्या बँकेत मिळते ते सांगा, तिथून आणते."

गोडाऊनवाला हसला आणि नवरा राखणीला लागला, तो अजून आहे. गल्लीतल्यांनी ते पाहिलं. मग शेजारणीचा भाऊ आला, तुरुंगातून सुटलेला. मग एक आला दारू सोडलेला. कानाने ऐकू न येणारी आली, बोलताना अडखळणारा आला, पोरं वाढवता वाढवता निम्मं आयुष्य चुलीपाशी गेलेल्या बाया आल्या. "ताई, आमची पण हमी घ्या ना." तिने घेतली. पुढे एका संस्थेने तिला सायकलच्या दुकानामागची एक खोली दिली, दोन बाकडी दिली, थोडं मानधन सुरू केलं. शाळा तिने चौथीतच सोडली होती. पण कुठल्या मालकाला दम द्यायचा, कुठल्याला चढवायचं आणि कुठल्याच्या बायकोला आधी गाठायचं, हे तिला शाळेत कोण शिकवणार होतं?

तिची कामाची पद्धत तिची तिनेच बसवलेली. पहिलं म्हणजे, माणूस पाठवायच्या आधी ते काम ती स्वतः दिवसभर करून बघायची. बेकरीत कणीक मळली, धुलाईत चादरी पिळल्या, पेट्रोल पंपावर उन्हात उभी राहिली. "मला जमलं तर माझ्या माणसाला जमेल," म्हणायची. दुसरं म्हणजे, मालकापुढे बोलायचं तिने एकटीने. "तुम्ही फक्त मान हलवायची," हे ती बाहेरच बजावून ठेवायची. कारण मुलाखत म्हणजे काय, तर माणसाचं जे नको ते उकरून काढायचा सभ्य मार्ग. तिच्या माणसांचं उकरायला लागलं तर खड्डाच पडायचा. आणि तिसरं, काही झालं तरी आधी फोन तिला. मालकाने करावा, नाहीतर त्या माणसाने करावा, पण आधी तिला. फोन वाजला की ती असेल तशी निघायची. खरं सांगायचं तर त्या फोनची तिला चटक लागली होती. जेवता जेवता फोन आला की नवऱ्याकडे बघून "बघा, मला एक घास सुखाचा नाही" असं म्हणायची, आणि म्हणताना चेहरा फुललेला असायचा.

या सगळ्या माणसांत तिच्या काळजाच्या जवळची होती गप्पू. विशीतली पोर. तिला फिट यायची. शाळेत फिट आली, शाळा सुटली. कापडाच्या दुकानात लागली, तिथे गिऱ्हाइकांसमोर आली, तर मालकाने शुद्धीवर यायच्या आतच दुसरी मुलगी शोधायला सांगितलं. नंतर एका दवाखान्यात लागली. दवाखान्यात! तिथेही "पेशंट घाबरतात" म्हणून काढली. आता यावर काय बोलावं? हमीताईकडे आली तेव्हा पोर मान वर करायची नाही, विचारलं त्याला हो नाहीतर नाही, म्हणून नाव पडलं गप्पू. खोलीतच दोनदा फिट आली, तेव्हा हमीताईने तिला सांभाळलं. शुद्धीवर येता येता हमीताई तिचे गाल थोपटून विचारायची, "मी कोण? ओळखलंस का? सांग, मी कोण?" आणि पोर जड जिभेने म्हणायची, "ताई." हमीताईचे डोळे भरायचे. स्वतःच्या पोटी मूल नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

मग औषध बदललं, गोळ्या लागू पडल्या, बरेच महिने काही झालं नाही. तेव्हा हमीताईने खोक्यांचा कारखाना गाठला. घडी पाडायच्या यंत्राशेजारी उंच स्टुलावर बसून पुठ्ठे मोजून बाजूला ठेवायचे, असं काम. नेहमीप्रमाणे आधी दिवसभर स्वतः बसली. पाठ दुखली, बाकी काही नाही. मालकाला सगळं सांगितलं, लपवाछपवी तिच्यात नव्हती.

"गोळ्या चालू आहेत. आता येत नाही."

"आणि आली तर?"

"आली तर मला फोन. मी जबाबदार."

"कारखान्यात आली तर मी ठेवणार नाही, आत्ताच सांगतो," मालक म्हणाला. "इथे यंत्रं आहेत. उद्या काही बरंवाईट झालं तर पोलीस माझ्या दारात येतील, तुमच्या नाही."

पोर लागली. आणि फोन आला नाही. एक महिना झाला, दोन झाले, पावसाळा सरून थंडी पडली, तरी फोन नाही. हमीताई संस्थेच्या बैठकीत ताठ मानेने सांगू लागली, "खोकेवाली पोर एकदम ठणठणीत. एक फिट नाही." टाळ्याही घेतल्या. आतून मात्र थोडं सुनं सुनं वाटायचं. पोर सुरुवातीला दर रविवारी खोलीवर यायची, बाकड्यावर मुकाट बसून जायची. ती यायची बंद झाली.

एके दिवशी भाजीबाजारात पोरीची आई भेटली. टोमॅटो चाचपत, सहज बोलल्यासारखी म्हणाली, "बरी आहे हो. परवा पुन्हा आली होती, पण मुकादमीणबाई घरापर्यंत सोडून गेल्या."

"काय आली होती?"

"फिट."

"पुन्हा?" हमीताईच्या हातातली पिशवी खाली टेकली. "पुन्हा म्हणजे?"

"अहो, त्या गोळ्यांचा जोर कमी झाला की काय कोण जाणे. अधूनमधून येते. पण त्या बाई अशा आहेत ना, काय सांगू तुम्हाला! सख्ख्या आईने करावं तसं करतात. पोर घरी आली की त्यांचंच कौतुक. मुकादमीणबाई असं म्हणाल्या, मुकादमीणबाई तसं म्हणाल्या. हसते, बोलते. तुम्ही ओळखणार नाही आता तिला."

"मी ओळखणार नाही?" हमीताई म्हणाली.

आईला त्यातलं काही कळलं नाही. तिने टोमॅटो घेतले आणि "तुमचे फार उपकार आहेत" असं म्हणून निघून गेली. उपकार! हमीताई तिथेच उभी राहिली. पोरीला फिट येते, म्हणजे वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलंही. पण त्याच्या आधी जे वाटलं ते दुसरंच होतं.

घरी भांडी आदळायला लागली तसा नवरा बाहेर आला.

"काय गं? सवत आली की काय घरात?"

"थट्टा नको."

"थट्टा कुठे? तोंड तसंच दिसतंय म्हणून विचारलं."

तिने सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे फिट येऊनही पोरीची नोकरी टिकलीये."

"हो."

"कुणीतरी तिला सांभाळतंय."

"हो."

"मग रडतेस कशाला?"

"रडत नाहीये मी! मला कळवायला नको? मी लावली तिला तिथे. दिवसभर त्या स्टुलावर पाठ मोडून बसले मी. आणि ही कोण कुठली बाई..."

"गोडाऊनचं दार अडकतं तेव्हा मी तुला फोन करतो का?" नवरा म्हणाला. "शेजारचा हमाल येतो, दोघं मिळून ढकलतो. संपलं."

"तुमचं वेगळं."

"माझं का वेगळं? माझी पण हमी तूच घेतली होतीस."

तिने पातेलं घासायला घेतलं. ते आधीच घासलेलं होतं.

सकाळी ती कारखान्यात गेली. मनाला सांगितलं, पोरीची चौकशी करायला चाललेय. मनालाच खोटं सांगितलं की ते फार पटकन पटतं.

कारखाना जुनाच, पत्र्याचा. आत ओल्या पुठ्ठ्याचा आणि खळीचा कुबट वास. यंत्राशेजारी तिने आधी स्टुलाकडे बघितलं. तिथे दुसरीच एक बाई बसली होती. पलीकडे भिंतीजवळ पुठ्ठे अंथरून खळीवाल्या गोलात बसल्या होत्या, मधे खळीची बादली. आणि त्या गोलात, भिंतीला पाठ लावून, गप्पू बसली होती. हातात कुंचा होता आणि तोंड चालू होतं.

तोंड चालू होतं! पोर कुणाचीतरी नक्कल करत होती. मालकाचीच असावी, कारण तिने हनुवटी छातीला लावून आवाज जड केला होता, आणि बायका तोंडावर पदर घेऊन हसत होत्या.

"बस कर गं फटाकडे," एक रुंद अंगाची बाई फाटक्या पत्र्यासारख्या आवाजात म्हणाली, "खळीत हसून हसून थुंकी पडायची माझी."

फटाकडी. म्हणजे नावसुद्धा दुसरं ठेवलं होतं.

त्या रुंद बाईने मान वर केली. "या ताई. कुणाकडे आलात?"

हमीताईने आयुष्यात पुष्कळ अपमान गिळले होते. मालकांनी हाकलली होती, पहारेकऱ्यांनी फाटकाबाहेर काढली होती. पण "कुणाकडे आलात" हे त्या सगळ्यांच्या वर गेलं. तिने पोरीकडे बघितलं. पोरीच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. ती उठून जवळ आली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, इथे नको. मी रविवारी येते ना."

"इथे नको? का? माझी लाज वाटते?"

"तसं नाही..."

पुढचं ऐकायला हमीताई थांबलीच नाही. ती तरातरा जिना चढून मालकाच्या खोलीत गेली. मालक चहात बिस्कीट बुडवत होता.

"ही काय रीत झाली?" ती दारातूनच सुरू झाली. "ठरलं काय होतं आपलं? काही झालं तर फोन मला. पोरीला इथे फिटवर फिट येतात, तुमची मुकादमीण परस्पर सांभाळते, घरी पोचवते, सगळा कारभार करते, आणि मी मेले का?"

बिस्कीट चहात पडलं.

"फिट?" मालक म्हणाला. "इथे? कधी?"

आणि मग कुणी पायाखालचा पुठ्ठा ओढून घ्यावा तसं हमीताईला सगळं एकदम कळलं. मालकाला माहीतच नव्हतं. खालच्या सगळ्या बायकांनी मिळून हे त्याच्यापासून लपवलं होतं. आलेली फिट पुठ्ठ्यांच्या थप्पीआड सांभाळली होती, महिनोन् महिने. म्हणून फोन नव्हता. म्हणून "ताई, इथे नको" होतं. आणि जिने हमी घेतली होती, तीच जिना चढून येऊन पोरीची नोकरी मालकाच्या चहात बुडवून मोकळी झाली होती.

"नाही म्हणजे," ती म्हणाली, "तशी काही फार नाही. चक्कर म्हणा."

"आत्ता फिटवर फिट म्हणालात."

"बोलायची पद्धत असते एकेकाची."

मालकाने बेल दाबली. "मुकादमीणीला वर पाठवा."

मुकादमीण धापा टाकत वर आली. मालकाने विचारलं. तिने आधी मालकाकडे, मग हमीताईकडे बघितलं, आणि सगळा प्रकार तिच्या लक्षात आला. खोटं बोलायला जागा उरली नव्हती.

"येते," ती म्हणाली. "मग? आमच्यातल्या कुणाला सर्दी येते, कुणाचा नवरा दारू पिऊन येतो. हिला फिट येते. माल कधी उशिरा गेलाय का?"

"तो प्रश्न नाही. यंत्राशेजारी बसते ती!"

"कुठे बसते? पहिल्यांदा आली तेव्हाच मी तिला तिथून हलवली. उंच स्टुलावर बसवलं कुणा शहाणीने! खाली लोखंड, बाजूला यंत्र. माझ्या अंगावर कोसळली म्हणून वाचली. तेव्हापासून जमिनीवर, भिंतीशी. पडली तरी किती पडणार?"

हमीताईचे कान गरम झाले. दिवसभर ती त्या स्टुलावर बसली होती. पाठ दुखते का, हात पोचतात का, सगळं बघितलं होतं. पण बघितलं होतं स्वतःच्या अंगाने, आणि तिच्या अंगाला कधी फिट येत नव्हती. इतक्या वर्षांत हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि ते या बाईने एका पडण्यात ओळखलं होतं. हे तिला सहन होईना, म्हणून ती चूक शोधायला लागली.

"आणि आली की करता काय तुम्ही?"

"काय करायचं? चौघीजणी हातपाय घट्ट दाबून धरतो."

"दाबून धरता?" हमीताईला इतका आनंद झाला की तिचा आवाज चिरकला. "अहो, हात मोडेल एखाद्या दिवशी! दाबायचं नसतं! एवढं पण माहीत नाही आणि चालल्या सांभाळायला!"

"मग काय, नाचू द्यायचं तिला?"

"नाचू द्यायचं! मी सांभाळलंय तिला, मला माहीत आहे."

"केव्हा सांभाळलंत? आम्ही तर तुम्हाला आज बघतोय."

"बाई, तोंड सांभाळून बोला. ही माझी पोर आहे."

"तुमची? रोज डबा माझ्या शेजारी बसून खाते."

"बास!" मालक ओरडला. "दोघींपैकी कुणाचीही असो, माझ्या कारखान्यात नको. उद्यापासून तिला सांगा, येऊ नकोस."

खाली यंत्राचा धाडधाड आवाज चालू होता. दोन्ही बायका एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि पहिल्यांदाच दोघींच्या चेहऱ्यावर एकच भीती होती.

"मला विचारा ना."

पोर दारात उभी होती. कधी आली कुणाला कळलं नाही. कुंचा तसाच हातात, खळीचे थेंब जमिनीवर पडत होते.

"गप्पू, तू थांब, मी बोलते," हमीताई सवयीने म्हणाली.

"तुम्हीच बोललात ताई मघाशी," पोर म्हणाली. पोर मालकाकडे वळली. आवाज थरथरत होता, पण थांबत नव्हता. "फिट मला येते. या दोघी भांडतायत, पण येते ती मला. यायच्या आधी मला कळतं, साहेब. तोंडात कडू चव येते, जीभ लोखंडाला लावल्यासारखी. तेवढ्यात मी सांगू शकते. सांगते आणि आडवी होते. थोडा वेळ जातो. मग झोप लागते. उठले की पुन्हा कामाला बसते. यंत्राजवळ मी जात नाही, जायचं पण नाही मला. एकदाही सुट्टी घेतली नाही मी. तुम्ही मला काढाल, माहीत आहे. सगळे काढतात. पण काढायच्या आधी एकदा मला विचारा, एवढंच. आजपर्यंत कुणी मला विचारलंच नाही. मी दारात उभी असायचे आणि आत माझ्याबद्दल बोलणं चालायचं."

मालकाने चहाचा कप बाजूला सारला. तो वाईट माणूस नव्हता, घाबरट होता. आणि घाबरट माणसाला जे पाहिजे असतं ते त्याला आत्ता मिळालं होतं, म्हणजे नेमकं काय होतं ते कुणीतरी सरळ सांगितलं होतं.

"कधी जास्त वेळ चालली तर?"

"पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखान्यात न्यायचं. डॉक्टरांनी सांगितलंय. आतापर्यंत कधी गेली नाही."

"आणि जबाबदार कोण?"

"मी," हमीताई म्हणाली. शब्द इतक्या वर्षांच्या सवयीने आपोआप बाहेर पडला.

पण मालक तिच्याकडे बघतच नव्हता. तो मुकादमीणीकडे बघत होता.

"मी असते ना इथे," मुकादमीण म्हणाली.

"यंत्राच्या बाजूला पाऊल टाकायचं नाही," मालक म्हणाला. "आणि यापुढे माझ्यापासून लपवायचं नाही. महिनाभर बघतो. जा, कामाला लागा. माझा चहा गेला."

जिन्यावर मुकादमीण पुढे निघून गेली. पोर मधेच थांबली. हमीताईला वाटलं, आता ही रडेल, गळ्यात पडेल. पोर रडली नाही.

"तुम्हाला फोन का केला नाही सांगू?" ती म्हणाली. "तुम्ही आला असता. हाक मारत आला असता. सगळ्या कारखान्याला कळलं असतं."

"मी तुझ्यासाठीच..."

"माहीत आहे. म्हणून तर तुम्हाला काही बोलता येत नाही." तिने कठड्यावरची वाळलेली खळ नखाने उचकटली. "आणि ते 'मी कोण, मी कोण' विचारू नका हो. मला सगळं ऐकू येत असतं तेव्हा. फक्त जीभ वळत नाही. तुम्ही विचारत राहता आणि मला वाटतं, लवकर नाव घेतलं नाही तर यांना वाईट वाटेल."

हमीताईने कठडा धरला. हे ऐकण्यापेक्षा मालकाने पोरीला आणि आपल्याला, दोघींना हाकललं असतं तरी परवडलं असतं, असं एक क्षण तिला वाटून गेलं. फक्त एक क्षण. पण वाटलं खरं.

खालून फाटक्या पत्र्याचा आवाज आला. "ओ ताई! दाबायचं नाही म्हणालात, मग करायचं काय ते दाखवून जा की! का फक्त भांडायला आलात?"

निघून जायचं हमीताईच्या अगदी तोंडाशी आलं होतं. पण चौघीजणी पोरीचे हात दाबून धरतायत हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. ती खाली गेली. बायकांनी पुठ्ठे सरकवून जागा केली.

"पेशंट कोण होतंय?" हमीताईने विचारलं.

"मी होते," म्हणत मुकादमीण अंथरलेल्या पुठ्ठ्यांवर पसरली. सगळं अंग हलवून ती अशी काही थरथरायला लागली की खळीची बादली डुचमळली. बायका खो खो हसायला लागल्या.

"आजूबाजूचं सगळं लांब सारा," हमीताई म्हणाली. "धरू नका. तोंडात काही घालू नका, चमचा नाही, पाणी नाही. हलायचं थांबलं की एका कुशीवर वळवा. असं." तिने मुकादमीणीच्या खांद्याला धरून वळवलं. लागत होता त्यापेक्षा थोडा जास्तच जोर लावला.

"अगं आई गं! हळू ताई, फुकटची पेशंट आहे मी!"

"पेशंट बोलत नसतो."

"ही बोलते बघा. मरताना पण बोलेल," मागून कुणीतरी म्हणालं.

आणि पोर हसली. मोठ्याने, मान मागे टाकून, भिंतीवर डोकं आपटेपर्यंत. हमीताई तिच्याकडे बघत राहिली. तिच्या बाकड्यावर इतके रविवार बसलेल्या या पोरीला वरच्या बाजूला एक वाकडा दात आहे, हे तिला आज दिसलं.

तिने मुकादमीणीच्या डोक्याखाली आपला तळहात ठेवला आणि वर बघितलं. विचारू की नको, असं झालं. मग विचारलं. "बरोबर आहे ना गं?"

पोरीने वाकून बघितलं. "हात नको. घडी केलेलं फडकं ठेवायचं. हात अवघडला की तुम्ही तो काढता, आणि डोकं आपटतं. आणि जाग आली की सगळ्यांनी वाकून बघायचं नाही. एकीने बसायचं जवळ. गप्प."

"कुणी?" एकीने विचारलं.

पोरीने मुकादमीणीकडे बघितलं.

संध्याकाळी नवरा गोडाऊनवरून आला तेव्हा हमीताई पाटावर बसून मनगट चोळत होती.

"झालं भांडण?" त्याने विचारलं.

"किती जड आहे ती बाई! कुशीवर वळवताना मनगट गेलं माझं."

"कोण, सवत?"

तो तेलाची बाटली घेऊन आला, शेजारी बसला आणि उरलेल्या बोटांनी तिचं मनगट चोळायला लागला.

"आणि पोर? नोकरीचं काय झालं?"

"महिनाभर बघतो म्हणालाय. राहील. ती बाई आहे तोवर कोण काढतंय तिला." मग ती म्हणाली, "हसते हो ती. मोठ्याने हसते. मला माहीतच नव्हतं."

"मग चांगलं झालं की."

"चांगलंच झालं," हमीताई म्हणाली. "पण त्या जाडीकडे बघून हसते. जरा हळू चोळा, दुखतंय मला."